एका अक्षरासाठी काउंटरवर घातलेली हुज्जत

मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा कॅन्सर शोधायला काढतात तो छातीचा एक्स-रे, दुखते का, हे सगळ्याजणी विचारतात. दुखते, पण थोडी. यंत्राच्या दोन पट्ट्यांमध्ये छाती दाबून धरतात, एकेका बाजूचे दोन असे चार फोटो काढतात आणि सुटका. डोकं फिरलं ते रिपोर्ट हातात आल्यावर.

रिपोर्टवर एवढंच होतं : 'बायरॅड्स शून्य, सोनोग्राफी करावी.' (बायरॅड्स म्हणजे असे रिपोर्ट लिहायची ठरलेली पद्धत, निष्कर्षाला आकडा देतात.) का करावी, ते नाही. नवरा म्हणाला, शून्य म्हणजे चांगलंच की! तर तसं नसतं. शून्य म्हणजे एवढ्या फोटोंवरून काही ठरवता येत नाही, आणखी तपासणी हवी. न्यू जर्सीच्या ताईला फोन केला, तिचा पहिलाच प्रश्न : "तुझी डेन्सिटी काय लिहिलीय? ए, बी, सी की डी?" तिच्याकडे सप्टेंबर २०२४ पासून देशभर कायद्यानेच बाईला डेन्सिटी जास्त आहे की नाही ते कळवावं लागतं. माझ्या रिपोर्टात डेन्सिटीचा पत्ताच नव्हता.

डेन्सिटी म्हणजे छातीत चरबीच्या मानाने ग्रंथींचा आणि तंतूंचा भाग किती. ए म्हणजे सगळ्यात कमी, डी म्हणजे सगळ्यात जास्त. फोटोत चरबी काळपट दिसते, हा भाग पांढरा, आणि गाठही पांढरीच. धुक्यात पांढरी गाय शोधायची, तसलं काम. हाताला घट्ट लागतं की सैल, याच्याशी त्याचा संबंध नाही. फोटो बघूनच कळतं.

म्हणून सेंटरवर गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, रिपोर्ट फायनल झालाय." बदलू नका, एक ओळ वाढवा, म्हटलं. "डॉक्टरांची चिठ्ठी आणा." आमच्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी देताना कपाळाला हात लावला, बायरॅड्स पद्धतीच्या रिपोर्टात डेन्सिटी लिहिणं अपेक्षितच असतं म्हणाल्या. चिठ्ठी घेऊन गेले, तर आता लेखी अर्ज हवा. अर्ज दिला, तर रेडिऑलॉजिस्ट संध्याकाळी येतात, आणि येतील त्या दिवशी "खूप पेशंट आहेत". वर कळस म्हणजे, "पुन्हा मॅमोग्राफी करून घ्या ना, डिस्काउंट देतो." अहो, माझे चारही फोटो तुमच्याच कॉम्प्युटरात आहेत! पुन्हा कशाला दाबून घेऊ?

मग खुर्चीतून उठलेच नाही. डॉक्टर आले, स्क्रीनकडे बघितलं, मिनिटभरात म्हणाले, "सी." एवढंच काम होतं. माणूस मात्र सज्जन. त्यांनी सांगितलं, साधारण दहातल्या चार बायका सी गटात येतात, एखादीच डीमध्ये, तेव्हा घाबरायचं कारण नाही. काही ठिकाणी सॉफ्टवेअर मोजतं, ते स्वतः डोळ्यांनी ठरवतात, आणि बी की सी यावर दोन डॉक्टरांचं मत वेगळं पडू शकतं. पूर्वी टक्क्यांत विभागणी असायची, २०१३ च्या आवृत्तीपासून ती काढली. पुरवणी रिपोर्ट सहीसकट घेऊनच मी जिना उतरले.

सोनोग्राफीत पाण्याची साधी गाठ निघाली. विषय संपला.

तुम्ही जाणार असाल तर पैसे भरायच्या आधीच विचारा, रिपोर्टात डेन्सिटी लिहिणार का. पाळी अजून येत असेल तर ती संपल्यावरचा आठवडा बरा, कमी दुखतं. डिओ, पावडर लावू नका, फोटोत ठिपके उमटतात. आणि हो, नुसत्या रिपोर्टवर समाधान मानू नका, फोटोंची सीडी मागून घ्या. पुढच्या वेळी तुलनेला लागते. सी किंवा डी आलं म्हणून "मग सोनोग्राफीच करते, मॅमोग्राफी नको" असंही करू नका. कॅल्शियमचे बारीक कण, जे कधीकधी कॅन्सरची खूण असतात, ते मॅमोग्राफीतच नीट दिसतात. डी असेल, किंवा घरात आई-मावशीला स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, तर एमआरआयचं डॉक्टरांना विचारा.

माझी सीडी कपाटात आहे. पुढची मॅमोग्राफी दुसऱ्या सेंटरला.