‘माझे खड्डे आहेत ते!’

कॉम्प्युटर लॅबमधली भांडणं ठरलेली असतात. चालू हेडफोन कुणाला, कुणाचा माउस अडकतो, माझा पासवर्ड टाकताना तू का बघितलंस. त्यामुळे सातवीच्या तासाला निनाद (नाव बदललंय) खुर्ची मागे ढकलून ‘मॅडम, माझा प्रोजेक्ट चोरला’ असं ओरडला, तेव्हा मी सवयीने त्याच्या शेजारच्याकडे बघितलं. पण चोर शेजारी नव्हताच. प्रोफाइलवर त्याचा देशही दुसराच होता, आणि त्याने केलेली ‘चोरी’ अगदी राजरोस होती. वर निनादचं युजरनेमसुद्धा झळकत होतं.

प्रकरण स्क्रॅचवरचं. ठोकळे जोडून प्रोग्राम लिहायची ही सोय अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबने २००७ साली सगळ्यांसाठी खुली केली. शाळा ती ‘कोडिंग शिकवायला’ घेतात आणि तिथेच थांबतात. पण स्क्रॅचवर शेअर केलेल्या कुठल्याही प्रोजेक्टच्या आत शिरून त्याचे ठोकळे बघता येतात, आणि रिमिक्सचं बटण दाबून त्याची स्वतःची आवृत्ती करता येते. शेअर केलंत म्हणजे परवानगी दिलीत, कारण तिथलं सगळं काम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली जातं. हे मी वर्षाच्या सुरुवातीला सांगते. मुलं माना डोलावतात. पासवर्ड विसरू नका म्हटल्यावरही डोलावतात.

निनादचा प्रोजेक्ट चंद्रकलांवर होता. पांढरा चंद्र, त्याच्यावरून सरकणारी तेवढीच काळी चकती, आणि त्या चकतीचं नाव ‘पृथ्वीची सावली’. चंद्रकला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, हा मुलांचा आणि पुष्कळ मोठ्यांचाही जुना, चिवट गैरसमज. मी त्याच्या चिंतनवहीत प्रश्न लिहून ठेवला होता: अर्धा चंद्र दिसतो तेव्हा सूर्य, पृथ्वी आणि चंद्र कुठे कुठे असतात, ते कागदावर काढून बघ. खाली त्याचं उत्तर, ‘हो मॅडम.’ कागदावर काही काढलेलं नव्हतं.

या चिंतनवहीबद्दल जरा बोलायलाच हवं. जॉन फ्लॅवेल या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात मेटाकॉग्निशनची, म्हणजे स्वतःच्या विचारांवर स्वतः लक्ष ठेवण्याची कल्पना मांडली. ती फिरत फिरत शाळेत पोचेपर्यंत तिचा तीन रकान्यांचा फॉर्म झाला. काय शिकलास, काय अवघड गेलं, पुढच्या वेळी काय वेगळं करशील. प्रत्येक प्रोजेक्टनंतर स्क्रीनशॉट जोडायचा आणि रकाने भरायचे. मुलं हुशार असतात. थोड्याच दिवसांत सगळ्यांची उत्तरं एकसारखी यायला लागली: ‘मला खूप काही शिकायला मिळालं. वेळेचं नियोजन अवघड गेलं. पुढच्या वेळी वेळेचं नियोजन करीन.’ एक मुलगी मैत्रिणीला सांगत होती, ‘तुझं वेळेचं नियोजन मला पाठव ना, पेस्ट करते.’ आमच्या समन्वयकांच्या डॅशबोर्डवर मात्र दोघींपुढे हिरवी खूण. त्यांना खूण दिसते, मजकूर दिसत नाही. बघायची इच्छाही फारशी नसावी.

मी एक पळवाट काढली होती. लिहायचं नसेल तर बोला आणि रेकॉर्ड करा. टाइप करताना दोन ओळींत आटपणारी पोरं बोलायला लागली की थांबत नाहीत, आणि बोलताना वेळेच्या नियोजनाचा विषय निघत नाही. निनादने त्या दिवशी तक्रार नोंदवायची म्हणून रेकॉर्डिंग चालू केलं आणि भांडणाच्या भरात बंद करायचं विसरला.

तोवर वर्गाने न्याय करून टाकला होता. रिपोर्टचं बटण दाबायला चारी बाजूंनी बोटं सरसावली. मी म्हटलं, दाबा, पण तिथे कारण विचारतात. काय सांगाल? ‘चोरी.’ काय चोरलं? ‘सगळं!’ मग म्हटलं सगळं म्हणजे काय ते बघू, आणि दोन्ही प्रोजेक्ट प्रोजेक्टरवर शेजारी शेजारी लावले.

त्या अनोळखी मुलाने (की मुलीने, कोण जाणे) सावलीची चकती काढून टाकली होती. मांडणी वरून बघितल्यासारखी केली होती: डावीकडे सूर्य, मध्ये पृथ्वी, तिच्यामागे उजवीकडे सावलीचा करडा पट्टा. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो, त्याची सूर्याकडची बाजू कायम उजळ, उलटी बाजू कायम काळी. कोपऱ्यातल्या चौकटीत पृथ्वीवरून दिसणारा चंद्र, आणि तो निनादचाच. चंद्र अर्धा दिसतो तेव्हा तो सूर्याच्या दिशेशी काटकोनात असतो, सावलीचा पट्टा त्याच्या आसपासही नसतो. त्या पट्ट्यात चंद्र शिरू शकतो तो फक्त पौर्णिमेच्या सुमारास. खाली इंग्रजीत एकच ओळ होती: तू दाखवलंयस ते ग्रहण आहे, कला नव्हेत.

‘माझे खड्डे आहेत ते!’ निनादचा आवाज चिरकला. चंद्रावरचे खड्डे त्याने एकेक वर्तुळ काढून, छटा बदलत, कित्येक तास खपून केले होते. मी म्हटलं, नाव दिलंय की तुझं. तो म्हणाला, ‘ते मशीनने दिलंय. त्याने नाही दिलं.’

मी गप्प झाले, कारण पोरगा बरोबर होता. स्क्रॅचच्या सुरुवातीच्या काळातही मुलांची अशीच भांडणं झाली, म्हणून रिमिक्सवर मूळ कर्त्याचं नाव आपोआप यायची सोय केली गेली. तरी तक्रारी सुरूच राहिल्या. आंद्रेस मोनरॉय-हर्नांडेझ या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये यावर निबंध लिहिला: आपोआप आलेल्या नावाला मुलं श्रेय मानत नाहीत, माणसाने स्वतःहून लिहिलेल्या ओळीलाच किंमत देतात. प्रशिक्षणांमध्ये ‘डिजिटल नागरिकत्वा’च्या स्लाइड दाखवतात, त्यात हे कधी ऐकलं नाही. तिथे पासवर्ड कसा निवडावा ते असतं.

घरी जाऊन मी ती क्लिप ऐकली. सुरुवातीला नुसता आरडाओरडा, एक शिवीसुद्धा. मग तो शेजारच्याला समजावतोय की आपलंच कसं बरोबर आहे. ‘हे बघ, चकती इथवर आली की अर्धा चंद्र. अजून थोडी. अजून. अरे, कड वाकडी येतेय.’ खुर्ची करकरते. ‘सरळ कर ना,’ शेजारचा म्हणतो. ‘चकती गोल आहे, सरळ कशी करू?’ मग बराच वेळ नुसता माउसचा आवाज. ‘म्हणजे हे कुठेही नेलं तरी कुरतडलेलाच दिसणार. पण खरा अर्धा चंद्र तर सरळ कापलेला असतो. मी बघितलाय.’ पुन्हा शांतता, आणि मग अगदी हळू, ‘शिट यार.’

मी इतकी वर्षं या कामात आहे, पण एखाद्याची समजूत अशी जागेवर मोडताना कानांनी फार क्वचित ऐकली आहे. माझा प्रश्न त्याच्या वहीत पडूनच होता. तो हलला अनोळखी पोराच्या आगाऊपणामुळे, आणि खड्ड्यांवरच्या रागामुळे.

पुढच्या आठवड्यात त्याने रिमिक्सचं रिमिक्स केलं. वरून बघताना पौर्णिमेला चंद्र दर वेळी सावलीच्या पट्ट्यातून जात होता, मग दर पौर्णिमेला ग्रहण का नाही? उत्तर त्यानेच शोधलं. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. त्याने बाजूने दिसणारं दुसरं दृश्य काढलं, त्यात चंद्र बहुतेक वेळा सावलीच्या वरून किंवा खालून निसटतो. आणि क्रेडिटच्या चौकटीत स्वतःच्या हाताने त्या मुलाचे आभार मानले. उत्तर आलं नाही, अजूनही नाही. दुसऱ्या शाळेशी व्हिडिओ कॉल लावून दोन्हीकडच्या मुलांनी हात हलवला की आमच्याकडे ‘जोडलेले विद्यार्थी’ म्हणून फोटो काढतात. त्या अबोल पोराएवढं त्या कॉलमधून निनादपर्यंत कधी काही पोचलेलं मी बघितलं नाही.

मग निनादने दोन गोष्टी केल्या. फॉर्म भरला: ‘मला खूप काही शिकायला मिळालं. वेळेचं नियोजन अवघड गेलं.’ आणि आपला जुना, चुकीचा प्रोजेक्ट डिलीट केला. वर मला म्हणाला, ‘मॅडम, ती क्लिप पण काढून टाका.’

विज्ञानाचे सर म्हणतात, अजिबात काढू नका. जुना प्रोजेक्ट गेला, आता क्लिपही गेली तर उरतं काय, एक बिनचूक प्रोजेक्ट. शिकल्याचा पुरावाच नाहीसा होतो. पालकसभेत ऐकवायची म्हणाले, शिवी कापून. सर माझ्यापेक्षा अनुभवी आहेत आणि त्यांचं म्हणणं खोटंही नाही. पण शिवी कापली की मग ‘शिट यार’ही कापणार, म्हणजे उरणार चंद्रकलांवरचं व्याख्यान. शिवाय रेकॉर्डिंग सभेत वाजणार हे कळलं की पुढच्या वेळी मुलं सभेसाठीच बोलतील, आणि आवाजातसुद्धा वेळेचं नियोजन ऐकू यायला लागेल. पोर्टफोलिओ, म्हणजे प्रोजेक्ट, वही, रेकॉर्डिंग असा त्याच्या कामाचा संग्रह, त्याचा म्हणायचा, तर त्यातून काय काढायचं हेही त्यानेच ठरवावं. असं मी सरांना ठामपणे सांगते, आणि घरी आले की क्लिप पुन्हा ऐकते.

निनादला म्हटलं, वर्षअखेरपर्यंत क्लिप फक्त तुला आणि मला दिसेल अशी ठेवते, मग तू सांग. तो ‘बघू’ म्हणाला. दरम्यान समन्वयकांचा मेल आलाय: निनादच्या पोर्टफोलिओत ‘विचारप्रक्रियेचा पुरावा’ हा रकाना रिकामा दिसतोय, तो भरल्याशिवाय वर्गाची फाइल पुढे जाणार नाही.