आमची वाटचाल: सात इंच मोकळे

2011 साली आम्ही ठाण्यात, वागळे इस्टेटच्या एका गाळ्यात काम सुरू केलं. सम्प, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीखाली बसणारी, पाणी गाळणारी काचेची टाकी. तो करून देणारे तेव्हाही होते. पण ते काचा चिकटवून द्यायचे आणि आत पाणी कसं फिरणार, याची काळजी गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालायचे. ती काळजी आम्ही पैसे घेऊन आमच्या गळ्यात घेतली. धंदा म्हणायचा तर एवढाच.

आमचे पहिले भागीदार कुर्ल्याचे काचवाले चाचा. कागदावर भागीदारी कधीच झाली नाही, पण ओव्हरफ्लोची, म्हणजे वरच्या टाकीतलं पाणी सम्पमध्ये उतरवणारी, भोकं त्यांच्याशिवाय कोणी पाडायची नाहीत हा नियम होता. भोकाभोवती पुट्टीचं आळं करून त्यात पाणी भरायचं, डायमंड होल-सॉ मंद फिरवायचा आणि काच संपत आली की हाताचा भार काढून घ्यायचा. शेवटच्या मिलिमीटरला जोर लावला की मागच्या बाजूने कपची उडते. टफन्ड (तापवून कडक केलेली) काच घेऊन येणाऱ्याला चाचा दारातूनच परत पाठवायचे, कारण तिला भोक पडत नाही, तिचा भुगा होतो. फर्मे त्यांचे, लेआउट आमचा.

लेआउट साधाच. पाणी उतरतं तिथे सॉक (कचरा अडवणारी कापडी पिशवी) आणि स्किमर (घाण फेसात ओढून कपात जमवणारं यंत्र), मध्ये रेफ्युजियम (शेवाळ वाढवायचा कप्पा), शेवटी पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंप. स्किमरला पाण्याची पातळी स्थिर लागते, म्हणून तो कप्पे पाडणाऱ्या आडव्या काचेच्या अलीकडेच हवा. बाष्पीभवनाने पाणी घटतं ते रिटर्नच्या कप्प्यात, तिथे स्किमर ठेवणाऱ्याने रोज कप साफ करायची तयारी ठेवावी. रेफ्युजियममध्ये किटो हे शेवाळ घाला, कॉलर्पा हे नको. कॉलर्पा दिसते छान, पण एखाद्या रात्री जननपेशी सोडून विरघळते आणि शोषलेलं सगळं पाण्यात परत देते. किटोचा दिवा रात्री लावा, म्हणजे वरचे दिवे बंद असताना पीएच फार घसरत नाही.

हे सगळं आमच्याकडून ऐकून घेऊन स्वतः तपासून पाहणारा एकच माणूस भेटला, दादरचे निवृत्त रसायनशास्त्राचे प्राध्यापक. चार बाय दोन फुटांची टाकी, क्लाउनफिशची जोडी, मऊ प्रवाळही नको म्हणाले. (कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आम्ही ठेवत नाही, कृपया विचारू नका.) सर पाण्यातलं नायट्रेट (माशांच्या घाणीतून साठणारं द्रव्य) मोजून वहीत लिहायचे आणि किटो कापली की तिचंही वजन करायचे. आमचा सम्प बसवला त्या दिवशी त्यांनी पंप बंद करायला लावला आणि सम्पमध्ये पाणी चढून जिथे थांबलं तिथे मास्किंग टेपची पट्टी लावली.

ती पट्टी पुढे आमच्या कामी आली.

आमच्याकडे फिटिंगला असलेला एक जण मधल्या काळात बाहेर पडला. जाताना फर्म्यांची मापं उतरवून घेतली. त्याचं आम्हाला काही वाटलं नाही, माणूस कुठेतरी शिकणारच. पण त्याने तोच 36 बाय 16 चा, 16 इंच उंच सम्प घेतला आणि आडव्या काचा 9 इंचांऐवजी 12 इंच उंच केल्या. रेफ्युजियम मोठं दिसतं, भाव आमच्यापेक्षा कमी, आणि वर सांगायचं, ‘डिझाइन त्यांचंच आहे.’

आता हिशेब बघा. टाकीचं तळमाप 48 बाय 24, सम्पचं 36 बाय 16, म्हणजे बरोबर निम्मं. टाकीत एक इंच पाणी उतरलं की सम्पमध्ये दोन इंच चढतं. पंप थांबला की टाकीतलं पाणी रिटर्नच्या पाइपातून उलटं खाली ओढलं जातं, तो सायफन. आम्ही त्या पाइपला पाण्याच्या पातळीलगत सायफन तोडणारं भोक ठेवतो, म्हणून टाकी दीड इंचावर थांबते. सम्पमध्ये तीन इंच, ओव्हरफ्लो बॉक्स आणि पाइपातलं मिळून आणखी एक. आमच्याकडे सात मोकळे असतात. त्याच्याकडे चारच होते, पाइपाला भोक नव्हतं आणि त्याचं तोंड (नोझल) टाकीच्या पाण्यात चार इंच खोल होतं. म्हणजे पाइपातलं न धरताही आठ इंच. जास्तीचं पाणी जवळजवळ चाळीस लिटर. दोन बादल्या खारं पाणी.

12 ऑक्टोबर 2020, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास विजेची ग्रिड गेली आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईतले पंप एकदम थांबले. एरवी एखाद्या इमारतीची लाइट जायची, त्या दिवशी सगळ्यांचीच परीक्षा होती. दुपारपर्यंत आम्हाला फोनवर फोन. प्लायचं कॅबिनेट फुगलं, खालच्यांचं फॉल्स सीलिंग भिजलं, आणि प्रत्येकाचं तेच, ‘तुमचं डिझाइन.’ त्यातलं एकही काम आमचं नव्हतं. पण पाणी गळणाऱ्या घरात उभं राहून आडव्या काचेची उंची कोण ऐकून घेतो? ठरलेल्या ऑर्डरी रद्द झाल्या, ॲडव्हान्स परत करावे लागले, गाळ्याचं भाडं थकलं. आम्ही काचेची रॅक विकायला काढली होती.

सरांनी आम्हाला न विचारता एक काम केलं. तक्रार करणाऱ्यांना एकेक करून घरी बोलावलं, त्यांच्यादेखत पंप बंद केला. पाणी चढलं आणि पट्टीवर थांबलं. मग मोजायचा टेप त्यांच्याच हातात देऊन म्हणाले, ‘आता घरी जाऊन तुमची आडवी काच मोजा.’ त्यातले तिघे आमच्याकडे नवा सम्प करायला आले. बाकीच्यांनी आजवर चुकलो म्हटलेलं नाही.

त्यानंतर धंदा सुरळीत आहे. तो गृहस्थही आहे, आणि त्याच्या पाइपांना आता भोक असतं.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या (पाणी उलटं येऊ न देणाऱ्या झडपेच्या) भरवशावर राहू नका, त्यात वाळूचा कण किंवा गोगलगाय अडकली की तो उघडाच राहतो. सायफनचं भोक महिन्याला टूथपिकने साफ करा आणि त्याच दिवशी पंप मुद्दाम बंद करून पाणी कुठवर चढतं ते बघा. ऑर्डर देताना कॅबिनेटची आतली मापं पाठवा, बाहेरची नकोत. दाराची रुंदीही लिहा. सम्प तयार झाल्यावर दारातून आत जात नाही म्हणून सुताराला बोलावण्याची वेळ दर वर्षी कुणा ना कुणावर येतेच.