शेनिनचा पहिला माल

जालना तालुक्यात, कडवंचीपासून जवळच आमची बाग आहे. वीस वर्षं थॉमसन आणि सोनाका ही खायची द्राक्षं केली. व्हाईट वाईनसाठी एक एकर शेनिन ब्लाँ ही द्राक्षाची जात लावायचं ठरवलं तेव्हा माय दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. गळ्यात तुळशीची माळ तिच्या. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "दारूच्या द्राक्षाला पाणी शेततळ्यातलंच देणार ना?" 2012 च्या दुष्काळात त्याच तळ्यावर आमची बाग जगली होती. तिचं बोलणं मला फार लागलं, पण वायनरीशी करार झाला होता.

फेब्रुवारी 2021 मध्ये कलमासाठी डॉगरिज जातीचे खुंट लावले, सप्टेंबरात शेनिनच्या काड्या आणून कलम भरलं. इथवर सगळं सरावाचं. अडलो ते ऑक्टोबर 2022 च्या गोड्या छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर.

खायच्या द्राक्षात आपला सगळा जीव मण्याच्या फुगवणीत अडकलेला असतो. जीए (मणी फुगवणारं संजीवक), विरळणी, पाणी, सगळं त्याच्यासाठी. वाईनला मणी लहान आणि रस दाट लागतो. आणि गोडी भरली तरी आंबटपणा शिल्लक पाहिजे, नाहीतर वाईन मिळमिळीत होते. गोडीचा हिशेब सोपा आहे: लिटरभर रसातल्या साधारण 17 ग्रॅम साखरेमागे एक टक्का अल्कोहोल, म्हणजे 21-22 ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण किती ग्रॅम साखर ते) बारा टक्क्यांच्या आसपास. आंबटपणा सांभाळणं कठीण. द्राक्षात मुख्य आम्लं दोन, टार्टारिक आणि मॅलिक. टार्टारिक बऱ्यापैकी टिकतं, पण मणी तापला की मॅलिक भराभर उतरतं. शेनिन मूळची फ्रान्सच्या ल्वार नदीकाठची. तिकडे वूव्रेसारख्या गार भागात एखाद्या वर्षी द्राक्ष नीट पिकतच नाही, आंबटच राहतं. आपल्याकडे ऊन भरपूर, गोडी येतेच. आंबटपणा वाचवायला मदत होते ती डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींची.

हे मला तेव्हा कळलं असतं तर मी पाने काढली नसती. थॉमसनला काढतो तशी घडासमोरची पाने दोन्ही बाजूंनी काढून टाकली. पश्चिमेच्या बाजूला दुपारचं ऊन थेट घडावर आलं. पंधरा दिवसांत मण्यांवर तांबूस चट्टे पडले. दुसरी चूक पाण्याची: काढणीला आठवडा असताना मणी सुकल्यासारखे वाटले म्हणून ड्रिप सोडलं. गोडी मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर 21 चे 19 ब्रिक्स झाले. करारात दर ब्रिक्सवर होता, तो कापला गेला. वायनरीला बोल लावायला जागा नव्हती.

पुन्हा गोडी भरायला नऊ दिवस थांबलो आणि राहिलेला माल फेब्रुवारीत काढला. पहाटे तीनला, डोक्याला बॅटऱ्या बांधून. घड गार असतानाच तोडायचा, क्रेट काठोकाठ भरायचं नाही. खालचे मणी दबून फुटले की रस हवेने काळा पडायला लागतो. चट्ट्यांचे घड मजुरांनी झाडाखालीच वेगळे काढले. दिवस उगवायच्या आत गाडी नाशिककडे निघाली, मी सोबत गेलो.

तिथे पाहिलं, घड आले तसे रस काढायच्या प्रेसमध्ये. रेड वाईनला रस सालीसकट आंबवतात, व्हाईटला साल लगेच बाजूला. टाकीला बाहेरून थंड पाण्याचं जाकीट, आत 15 अंशांच्या आसपास. गरम आंबलं की वास उडून जातो, असं तिथल्या माणसाने सांगितलं. दोन-तीन आठवडे ते हळूहळू आंबत राहतं.

जूनमध्ये एक बाटली घरी आली. ग्लास नाकाजवळ नेला आणि पिकल्या पेरूचा वास आला, मागून लिंबाच्या सालीचा. मायने ग्लासाला हात लावला नाही. लांबूनच विचारलं, "आंबट आहे का रे?" आहे म्हणालो.

त्या वर्षीच्या गोड्या छाटणीनंतर पाने फक्त पूर्वेची काढली.