इष्टकर्माची वही : उलट्या वाटेची उदाहरणं

सध्या भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली (इ.स. 1150) शाब्दिक उदाहरणं ‘क्ष’ न मानता सोडवतोय. हत्यार एकच, इष्टकर्म. सोयीची एखादी संख्या धरायची, उदाहरणात सांगितलेलं सगळं तिच्यावर करायचं, आणि शेवटी त्रैराशिकाने खरं उत्तर काढायचं.

कमळांचं उदाहरण यासाठी अगदी नामी आहे. राशीतली एक तृतीयांश कमळं शंकराला, एक पंचमांश विष्णूला, एक षष्ठांश सूर्याला, चतुर्थांश देवीला वाहिली आणि उरलेली सहा गुरूंना. छेदांचा लसावि 60, म्हणून 60 कमळं धरली. वाहिली 20, 12, 10 आणि 15, म्हणजे 57. उरली 3. हवीत 6, म्हणून राशी दुप्पट, 120. ताळा: 40 + 24 + 20 + 30 + 6 = 120.

यात सगळे भाग मूळ राशीचे आहेत. यात्रेकरूच्या उदाहरणात मात्र प्रत्येक भाग उरलेल्या रकमेचा. निम्मे पैसे प्रयागला दिले, उरलेल्याचे दोन नवमांश काशीला, उरलेल्याचा चतुर्थांश जकातीत, उरलेल्याचे सहा दशांश गयेला. घरी येताना गाठीशी 63 निष्क (त्या काळचं नाणं). इथे मला शेवटाकडून मागे येणं जास्त आवडतं. 63 हे चार दशांश, म्हणजे गयेला पोचताना 157.5. ते तीन चतुर्थांश. तिसरा हिस्सा 52.5, चौपट केली की 210. ते सात नवमांश, म्हणून 270. त्याची दुप्पट 540. दर पायरीला समासात ‘कशाचा भाग?’ एवढंच लिहितो. शाब्दिक उदाहरणात खरी मेख तिथेच असते, आकडेमोड त्यापुढे सोपी.

दुकानातही हाच प्रश्न येतो. 20 टक्के सूट आणि त्यावर आणखी 10 टक्के, याची बेरीज 30 होत नाही, कारण दुसरी सूट उरलेल्या किमतीवर मिळते. 100 धरा: 80, मग 72. सूट 28 टक्के. 18 टक्के जीएसटी धरून बिल 2,065 रुपये असेल, तर मूळ किंमत काढायला 2,065 चे 18 टक्के वजा करून चालत नाही. कर मूळ किमतीवर लागलेला असतो. 100 चे 118 झाले, मग 2,065 कशाचे? 1,750 चे. कर 315. हे तोंडी जमायला लागलं की फार बरं वाटतं!

आता भुंग्यांचं उदाहरण घेतलंय. थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ मालतीच्या वेलीकडे गेलं, सगळ्या थव्याचे आठ नवमांशही गेले, आणि एक जोडी राहिली. इथे इष्टकर्म अडतं. थवा दुप्पट केला तरी वर्गमूळ दुप्पट होत नाही, त्यामुळे त्रैराशिक लागू पडत नाही. निम्मे पूर्ण वर्ग हवेत आणि थव्याला नऊने भाग जायला हवा, म्हणून आधी 18 घेऊन पाहिले: 3 आणि 16 मिळून 19, थव्यापेक्षा जास्त. पुढची तशी संख्या 72: 6 आणि 64, उरले 2. जमलं. पण ही निवडून केलेली चाचणी झाली. भास्कराचार्यांनी वर्गमूळ असलेल्या राशींसाठी वर्ग पूर्ण करण्याची वेगळी रीत दिली आहे. पुढचे दिवस तिच्यासाठी. ‘क्ष’ न वापरता ती कुणी पायरीपायरीने मांडली असेल तर वहीचं पान जरूर दाखवा.