दिवा लागला, पण ड्रॉइंग येईना

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमच्या काकांचं पॅटर्नचं वर्कशॉप होतं. फाउंड्रीवाल्यांना लागणारे सागवानी पॅटर्न (ओतकामाच्या साच्यासाठीचे लाकडी नमुने) आणि कोअर बॉक्स (आतल्या पोकळीचा गाभा घडवायच्या पेट्या) तिथं बनायचे. 2001 साली पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं कळवलं, की आता ड्रॉइंगचा कागद एसटीच्या पार्सलनं येणार नाही, कॅडची, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेल्या ड्रॉइंगची, फाइल आमच्या सर्व्हरवरून उतरवून घ्या. साध्या मॉडेमवर 6 एमबीच्या फाइलला अर्धा तास लागायचा, आणि मध्ये लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून काकांनी आयएसडीएन, म्हणजे टेलिफोनची डिजिटल लाइन, घेतलं. कॉम्प्युटर मी बघायचे, त्यामुळे त्याची पेटीही माझ्याच टेबलावर आली.

सगळे तिला आयएसडीएन मॉडेम म्हणायचे. खरं तर तो टर्मिनल अॅडॉप्टर. साधा मॉडेम आकड्यांचे आवाज करतो आणि आवाजांचे पुन्हा आकडे करतो, इथं तसलं काही नसतं. एक्सचेंजकडून दोनच तारा येतात, पण त्यांतून 64 केबीपीएसचे दोन बी-चॅनेल आणि 16 केबीपीएसचा एक डी-चॅनेल धावतो. कॉल लावायचा, तोडायचा, ही सगळी बोलणी डी-चॅनेलवर होतात. माल जातो बी-चॅनेलवरून.

हा फरक मला पहिल्या संध्याकाळी ठाऊक नव्हता. नंबर फिरवला की दोन-तीन सेकंदांत पेटीवरचा बी-1 चा दिवा लागायचा. साध्या मॉडेमची ती लांबलचक किरकिर नाही, काही नाही. मग विंडोज बराच वेळ थांबायचं आणि एरर 650 दाखवायचं, म्हणजे समोरचा कॉम्प्युटर उत्तर देत नाही. पुन्हा लावा, पुन्हा तेच. कॉल लागला की एसटीडीचा मीटर सुरू व्हायचाच. आमचे मिस्त्री हातातला रंधा बाजूला ठेवून शेजारी येऊन उभे राहिले.

"ताई, दिवा तर लागलाय न्हवं? मग अडलंय कुठं?"

अडलं होतं ते मॅन्युअलच्या एका पानावर. बी-चॅनेलवर कुठला प्रोटोकॉल, म्हणजे बोलण्याचे कुठले नियम, वापरायचे, त्याची चार नावं तिथं होती: व्ही.110, व्ही.120, एक्स.75 आणि सिंक पीपीपी. पीपीपी म्हणजे फोनच्या लाइनवरून दोन कॉम्प्युटर नेटवर्कनं जोडायची पद्धत. आमच्या पेटीत मुळातच व्ही.120 लावलेलं होतं. एक्सचेंजला त्याचं सोयरसुतक नसतं. डी-चॅनेलवर हो-हो झालं की ते बी-चॅनेल उघडून देतं, आणि आत दोन टोकांनी कुठल्या भाषेत बोलायचं ते त्यांचं त्यांनी बघायचं. म्हणून दिवा हिरवा आणि स्क्रीन कोरी.

पुण्याच्या सर्व्हरमध्ये आयएसडीएन कार्ड बसवलेलं होतं. त्याला बी-चॅनेलवर थेट एचडीएलसी फ्रेममधलं, म्हणजे ठरावीक चौकटीत बांधलेलं, पीपीपी हवं होतं. आमचं विंडोज तेच पीपीपी पेटीला जोडलेल्या सिरियल पोर्टवर एकेक बाइट करून टाकायचं, प्रत्येक बाइटच्या पुढे स्टार्ट बिट, मागे स्टॉप बिट. पेटी ते सगळं व्ही.120 च्या पाकिटात भरून पाठवत होती, आणि पलीकडे ते पाकीट फोडणारं कुणी नव्हतं. सिंक पीपीपी निवडलं की पेटी ते जादा बिट स्वतःच काढून टाकते, फ्रेम नीट बांधते आणि पुढे पाठवते. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या माणसाला फोन करून एवढंच विचारलं, "तुमच्याकडे कार्ड आहे का टर्मिनल अॅडॉप्टर?" हे आधी विचारायला हवं होतं. पेटीची सेटिंग बदलली आणि फाइल 14 मिनिटांत उतरली.

व्ही.120 वाईट आहे असं मात्र मी कुणाला कधी सांगितलं नाही. भोसरीच्या एका पार्टीकडे आमच्यासारखाच अॅडॉप्टर होता. तिथं पीपीपीची गरजच नव्हती, दोन्हीकडे विंडोजमधलं हायपरटर्मिनल उघडून झेडमोडेम या पद्धतीनं फाइल पाठवायची. व्ही.120 चुकलेली फ्रेम पुन्हा मागवतं, म्हणून पेटी ते पेटी कामाला ते पक्कं. एक्स.75 चं चलन जर्मनीकडे, आम्हाला कधी लागलं नाही.

व्ही.110 एकानं आग्रहानं सुचवलं होतं, "कुठंही चालतं" म्हणून. मी कागदावर हिशेब मांडला. त्याच्या 80 बिटांच्या फ्रेममध्ये माहितीचे बिट 48, बाकी सगळी जुळवाजुळव. 64 केबीपीएसच्या चॅनेलमधून 38.4 केबीपीएसच हाती येतात, त्यातही स्टार्ट-स्टॉप बिट धरलेले. म्हणजे आमच्या फाइलला 27 मिनिटं, साध्या मॉडेमच्या जवळपास तेवढीच. शिवाय दोन्ही टोकांना वेग एकच लावावा लागतो. मोबाइलवरून 9600 नं येणाऱ्या डेटा कॉलसाठी ते योग्य होतं, ड्रॉइंगसाठी नाही.

मग काकांनी विचारलं, दोन्ही चॅनेल जोडून 128 का करायचं नाही? मल्टिलिंक पीपीपीनं ते होतं. पण दोन चॅनेल म्हणजे दोन कॉल आणि दोन बिलं. दोन बी-चॅनेल मिळून सेकंदाला 16,000 बाइट आणतात, आणि आमचा सिरियल पोर्ट 115200 वर लावला तरी 11,520 बाइटच आत घेतो. पैसे दुपटीचे आणि वेग दीडपटीच्याही आत. हे मला पटेना, मी ते केलं नाही.

दुसरा चॅनेल मोकळा ठेवण्याचं खरं कारण निराळं होतं. पेटीच्या मागे साध्या फोनची जागा होती. फाइल बी-1 वरून उतरत असतानाच त्याच लाइनवर पुण्याशी बोलता यायचं. आधीची फाइल प्रिंट होऊन टेबलावर पसरलेली असायची. मिस्त्री तिच्यावरची मापं आपल्या आकसण धरून आखलेल्या पट्टीवर बघायचे, ओतलेलं लोखंड निवताना शेकडा एकभर आकसतं म्हणून त्या पट्टीचा इंच मुळातच लांब. कानाला रिसीव्हर, बोट कागदावर.

"साहेब, ह्या आतल्या कोपऱ्याची गोलाई किती धरू? इथं आकडाच न्हाई."

पलीकडून आकडा आला, तो त्यांनी सुतारी पेन्सिलीनं कागदावर लिहिला, आणि माझ्यासमोर दुसरी फाइल अजून उतरत होती.