कनाल द्यु मिदी: त्रेबपर्यंत मजा, पुढे नुसत्या मुळ्या

आधी निकाल सांगतो. दक्षिण फ्रान्समधल्या तुलूजपासून भूमध्य समुद्राकाठच्या सेतपर्यंत कनाल द्यु मिदी हा जुना कालवा जातो, सुमारे 240 किलोमीटर. त्याच्या काठाने सायकलची वाट आहे. तुलूजकडचा भाग कोणीही करावा, सेतकडचाही करावा. मधला त्रेब ते कापेस्तां हा तुकडा मात्र हौस असेल तरच करा, आणि ती हौसही रुंद टायर असतील तरच.

मला हे कोणी सांगितलं नाही. वाचलं ते सगळं ‘वाहतूकमुक्त, सपाट, कुटुंबासह करण्याजोगं’ असंच. भाचा तुलूजला शिकतो, तो म्हणाला, “मामा, पाण्याच्या कडेने जायचंय. पाणी कधी चढ चढतं का?” मुद्दा बिनतोड होता. पूर्ण वाटेवरचा सगळ्यात उंच बिंदू, नोरूझ, समुद्रसपाटीपासून 189 मीटर. सिंहगडाच्या रस्त्यावर दम टिकवणाऱ्या माणसाला हा चढ कळतसुद्धा नाही. पण पाणी सपाट म्हणून वाट सपाट, असं थोडंच असतं!

तुलूज ते पोर-लोरागे साधारण 50 किलोमीटर डांबरी आहे, वर झाडांची कमान. छान आहे, पुढे चला. नोरूझला डांबर संपलेलं असतं आणि खडी-मातीची वाट सुरू झालेली असते. तिथून कास्तेलनोदारी आणि पुढे कार्कासॉनपर्यंत ग्रॅव्हल, म्हणजे दाबलेल्या खडीची वाट, म्हणून जे आपण डोक्यात धरतो तेच मिळतं. फक्त पाऊस पडून गेला असेल तर एक दिवस थांबा. इथली माती चिकट आहे, मडगार्ड आणि टायरच्या मध्ये जाऊन बसते आणि चाक फिरेनासं होतं. कास्तेलनोदारीची ख्याती कासुले या पदार्थासाठी. पांढऱ्या घेवड्याची भाजी दिसते म्हणून शाकाहारी मंडळींनी फसू नये, आत बदक आणि डुक्कर दोन्ही असतं.

आता त्रेबच्या पुढचं.

सतराव्या शतकात पिएर-पोल रिके याने हा कालवा खणायला घेतला, 1666 मध्ये. तो पूर्ण झाला 1681 मध्ये, आणि रिके त्याच्या आदल्या वर्षीच गेला. काठाची वाट मुळात बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी. काठ धरून ठेवायला आणि सावलीला नंतर प्लेनची, म्हणजे चिनारच्या जातीची, झाडं लावली, हजारोंनी. त्यांची मुळं काठ तर धरून ठेवतातच, शिवाय वाटेला आडवी जाऊन मनगटाएवढी वर येतात. दर दीड-दोन मीटरला एक. वेग ताशी आठ-नऊ किलोमीटर. सॅडलवर बसता येत नाही, उभं राहून चालवावं तर पॅनियर, म्हणजे कॅरिअरला दोन्ही बाजूंनी अडकवलेल्या पिशव्या, उडून हुकातून सुटतात. बाटल्या दोनदा कालव्याच्या दिशेने गेल्या. काही ठिकाणी वाट म्हणजे गवतातली हातभर रुंद रेघ, एका बाजूला काटेरी झुडपं, दुसऱ्या बाजूला थेट पाणी, आणि समोरून कोणी आलं तर एकाने उतरायचं.

मग 2006 मध्ये त्रेबच्याच परिसरात या झाडांवर बुरशीचा रोग सापडला. त्यावर औषध नाही. झाड तोडून जागीच जाळायचं, एवढाच उपाय. त्यामुळे मैलोनमैल काठ उघडा पडला आहे. नवी झाडं लावताहेत, पण ती अजून लहान आहेत. म्हणजे हिशोब असा: झाडं आहेत तिथे मुळ्या, झाडं नाहीत तिथे ऊन. जुलैमध्ये इथलं ऊन विदर्भाची आठवण करून देतं. मे-जून किंवा सप्टेंबर, एरवी जाऊ नका.

आणखी एक गंमत. अर्जांच्या लॉकपासून बेझिएच्या फोन्सेरानपर्यंत 54 किलोमीटर एकही लॉक, म्हणजे बोटी वर-खाली करणारा पाण्याचा दरवाजा, नाही, पाणी एकाच पातळीवर. वाचायला सुंदर वाटतं. पण पातळी राखायची तर कालव्याला प्रत्येक टेकाडाला वळसा घालावा लागतो. एखाद्या गावाच्या चर्चचा मनोरा समोर दिसतो, मग डावीकडे जातो, मग मागे जातो, आणि अर्ध्या तासाने पुन्हा समोर येतो. मुळ्यांवरून हाडं खिळखिळी होत असताना हे फार मनाला लागतं.

तेव्हा सरळ सांगतो: त्रेब ते ओम्प कालवा सोडा. उत्तरेकडच्या द्राक्षमळ्यांमधून गावागावांना जोडणारे छोटे रस्ते आहेत, तासाला चार गाड्या भेटतील. डी 610 या मोठ्या रस्त्यावर मात्र जाऊ नका, त्यावर ट्रक असतात. ओम्पला हवं तर पुन्हा काठावर या. ल सोमायला थांबा, जुना कमानीचा पूल आहे आणि जुन्या पुस्तकांचं मोठं दुकान. कापेस्तांनंतर वाट सुधारते, कोलोंबिएपासून डांबर. फोन्सेरानला नऊ दरवाज्यांचा पाण्याचा जिना आहे, बोटी 21 मीटरहून जास्त खाली उतरतात. बघा, पण तिथल्या गर्दीत सायकल हातात धरूनच चाला. बेझिए ते सेत बहुतेक निवांत आहे, शेवटी समुद्र आणि खाजण यांच्यामधल्या पट्टीवरून. माझे तळवे तोवर इतके बधिर झाले होते की समुद्राकडे लक्षच गेलं नाही.

आता पैशांचं. तुलूजला एका दुकानातून ‘ग्रॅव्हल’ म्हणून भाड्याने घेतलेल्या सायकलला 35 मिलिमीटरचे गुळगुळीत टायर होते. मी विचारलं तर उत्तर आलं, पुरे होतात. दुसऱ्या गावी सायकल सोडण्याचे पैसे वेगळे, ते ठीक. नुकसान-संरक्षणाचे पैसे वेगळे, तेही भरले. सेतला सायकल परत करताना रिमला पोचा निघाला आणि डिपॉझिटमधून 140 युरो कापले, कारण त्या संरक्षणात चाकं आणि टायर येतच नाहीत. बाकी सगळं येतं. त्या वाटेवर चाकांखेरीज दुसरं काय मोडणार, हे मी विचारलं. खांदे उडवले.

म्हणून: 42 मिलिमीटरपेक्षा कमी टायर देत असतील तर दुसरं दुकान बघा. संरक्षणात काय येत नाही ते छापील कागदावर दाखवायला लावा, तोंडी नको. निघण्याआधी दोन्ही रिमचे, फ्रेमच्या खालच्या बाजूचे फोटो दुकानातल्या माणसासमोर काढा. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवायची असेल तर ट्यूबलेसच घ्या, नाहीतर मुळीवर आपटून ट्यूब चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात.

दिशा तुलूजकडून सेतकडेच ठेवा. इथला सेर्स नावाचा वारा वायव्येकडून जोरात वाहतो, तो पाठीवर मिळतो. आग्नेयेकडून ओतां सुटला तर नशीब म्हणायचं आणि लवकर मुक्काम करायचा. दुपारी दोननंतर गावातल्या खाणावळींत गरम जेवण मागू नका, मिळत नाही. पाणी संपलं तर गावाच्या दफनभूमीत नळ असतो, फक्त ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी नाही ना, ते बघून घ्या.

आणि खडीचीच वाहतूकमुक्त वाट हवी असेल तर कालव्याचा नाद सोडून पासापाईला जा. मझामे ते बेदारियू, जुन्या रेल्वेमार्गावरची साधारण 80 किलोमीटरची वाट. रूळ काढून खडी दाबून बसवली आहे, चढ रेल्वेला झेपेल एवढाच, डोंगर, चेस्टनटची झाडं, नदीवरचे पूल. तिथे मला तक्रार करायला काही सापडलं नाही, म्हणून जास्त लिहीत नाही. बोगदे आहेत, त्यातला फनीयचा सातशे मीटरहून लांब, तेव्हा दिवा आणि एखादं जाकीट जवळ ठेवा. बेझिएहून बेदारियूला रेल्वेने जाता येतं. डब्यात सायकलींना जागा मोजकीच असते, सकाळची गाडी धरा. सोमवारी मात्र निघू नका, गावांतल्या बऱ्याच बेकऱ्या त्या दिवशी बंद असतात आणि मधल्या भागात दुसरं काही मिळत नाही.