तुम्ही विचारलंत म्हणून : वहिनी, तुम्हीच अडवलंत ना?

लग्नात, एसटी स्टँडवर, दवाखान्यात नंबर लावून बसलेली असताना, बँकेत केवायसीच्या रांगेत, सगळीकडे तेच. "वहिनी, साहेब परत उभे का नाही राहिले? तुम्हीच अडवलंत ना?" विचारणारे उत्तर ठरवूनच आलेले असतात. मी "तसं काही नाही" म्हणते आणि पोरांच्या शाळेवर विषय नेते. आमचे हे 2014 ला आमदार झाले आणि 2019 ला परत उभे राहिले नाहीत, तेव्हापासून हेच चाललंय. एकदा लिहूनच टाकते.

आधी पैशाचं, कारण निम्म्यांच्या मनात तेच असतं. "बसायचे किती घेतले?" तोंडावर कुणी म्हणत नाही, पाठ वळली की म्हणतात. नाही घेतले. ऑगस्ट 2016 मध्ये आमदारांची पगारवाढ चर्चेविना मंजूर झाली तेव्हा तुम्ही शिव्या घातल्यात, बरोबरच घातल्यात. घरात मीही घातल्या. माजी आमदार म्हणून महिना पन्नास हजारांच्या घरात पेन्शन येते, तीही येते, नाकारत नाही. पण आमदार निधीचं किती वेळा सांगायचं? तेव्हा वर्षाला 2 कोटी होता, नंतर वाढत 5 कोटींवर गेला. आमदार कामं सुचवतो, मंजुरी कलेक्टर ऑफिसातून होते, पैसे ठेकेदाराला जातात. आणि प्रत्येक गावाला हवा असतो सभामंडप. शाळेच्या संडासाला पाणी नाही, ते चालतं, सभामंडप पाहिजे.

खर्चाचं म्हणाल तर 2014 साली उमेदवाराला 28 लाखांची मर्यादा होती. आमचा हिशेब कागदावर त्यात बसला. विहिरीजवळची दोन एकर जमीन कुठं गेली ते मात्र विचारू नका.

दुसरा टोमणा गणपतरावांचा. "सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले, तुमचे साहेब एकातच दमले?" अहो, ते 1962 साली पहिल्यांदा निवडून आले. 1972 ला पडले, 1995 ला पुन्हा पडले, तेही दोनशेपेक्षा कमी मतांनी, आणि तरी परत उभे राहिले. एकाच पक्षात, एकाच मतदारसंघात. अशी माणसं मोजून घ्या महाराष्ट्रात. 288 जणांच्या सभागृहात त्यांच्याकडे बघून हे घरी येऊन सांगायचे, "म्हातारा कागद वाचून येतो गं." ह्यांनाही तेच व्हायचं होतं, कागद वाचून येणारा आमदार. त्यातूनच पुढचं सगळं झालं.

तुम्हाला आमदार कसा दिसतो ते मला माहीत आहे, कारण मी तो ओट्यावरून बघितलाय. सहाला दार वाजायचं. विजेची डीपी जळाली, पोराला अ‍ॅडमिशन, सुनेची बदली, बापाला पुण्याच्या ससून हॉस्पिटलात बेड, जावयाची पोलीस स्टेशनची भानगड. संध्याकाळी दोन साखरपुडे, एक वास्तुशांत, आणि कुठं ना कुठं दहावा. ह्यांना गोडी विधानसभेच्या कामात: तारांकित प्रश्न म्हणजे मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं तो, लक्षवेधी म्हणजे तातडीच्या विषयावर मंत्र्याकडून उत्तर मागणारी सूचना, आणि खात्याच्या खर्चावर बोट ठेवणारी कपात सूचना. रात्री अकरानंतर माझ्या शाळेच्या पेपरांशेजारी बसून प्रश्न लिहायचे. मी खडूच्या हातानं शुद्धलेखन तपासायचे. पाच वर्षांत ह्यांनी काय विचारलं ते मतदारसंघात कुणी मला विचारलेलं नाही. कुणाच्या मयतीला आले नाहीत ते मात्र पाठ आहे लोकांना.

आता तात्यांचं सांगते. त्यावर बोलायचं मी टाळते हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

तात्या म्हणजे आमच्या पूर्वेकडच्या गावातला खांब. त्या गावात पाझर तलावात लोकांच्या जमिनी गेल्या होत्या. दगडी पिचिंग झालं, गाळ भरला, पण मोबदला काही सगळ्यांना मिळाला नव्हता. तात्या प्लास्टिकच्या पिशवीत सातबारे आणि जुन्या नोटिसा घेऊन आमच्याकडे बसायचे. पिशवीला वरून रबर. ह्यांनी त्यावर लक्षवेधी टाकली. त्या वर्षी पावसाळी अधिवेशन मुंबईऐवजी नागपूरला होतं. गुरुवारी रात्री ह्यांचा फोन, "लक्षवेधी उद्याच्या कामकाजात लागलीय." आणि तासाभरानं दुसरा फोन मला तात्यांच्या मुलाचा. तात्या जेवून उठले आणि ओट्यावर बसल्या जागी गेले.

मी ह्यांना कळवलं. बराच वेळ बोलले नाहीत. त्याच वेळी गाडी काढली असती तर सकाळी मातीला पोचले असते, हे तुम्ही म्हणता ते खरंच आहे. मी फोनवर तेच म्हणाले, "निघा." हे म्हणाले, "मी निघालो तर लक्षवेधी जाते. परत कधी लागेल सांगता येत नाही. तात्या असते तर त्यांनीच थांबवलं असतं." मग म्हणाले, "तू जा."

मी गेले. सकाळी आठला अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बायकांत बसले. तात्यांच्या मालकिणीनं माझा हात धरला तो सोडलाच नाही. बाहेर मंडळी थांबली होती, आणि हे मला तिथं गेल्यावर कळलं, साहेबांसाठी थांबली होती. कुणीतरी परस्पर सांगून टाकलेलं, साहेब वाटेत आहेत. मुलगा आत येऊन वाकून विचारतो, "वहिनी, कुठवर आलेत?" मी फोन लावते, लागत नाही. पुन्हा विचारतो. शेवटी मला म्हणावं लागलं, "येत नाहीत, नागपुरातच आहेत. तुमच्या तळ्याचाच प्रश्न आहे आज." तो "बरं" म्हणाला. एवढंच. बाहेर गेला आणि म्हणाला, "उचला." आमच्याकडे बायका वेशीपर्यंतच जातात. पुढं आमदाराच्या नावानं कुणीच नव्हतं. खांदा द्यायला नव्हतं, दोन शब्द बोलायला नव्हतं.

आणि तिकडं काय झालं? शुक्रवार, 6 जुलै 2018. तुम्ही टीव्हीवर बघितलंत. नागपुरात धो धो पाऊस, विधानभवनात वीजयंत्रणेच्या खोलीत पाणी शिरलं, वीज गेली, अंधार. दिवसभराचं कामकाज तहकूब. ह्यांची लक्षवेधी काही पुकारली गेली नाही. संध्याकाळी पारावर तेच चालू होतं, मोबाईलच्या उजेडात चाचपडणारे लोक दाखवत होते आणि खाली पट्टी फिरत होती. तात्यांच्या भावकीतला एकजण म्हणाला, "मातीला यायला सवड नव्हती, आणि तिथं तर सुट्टी निघाली." दुसऱ्या दिवसापर्यंत ते वाक्य तालुकाभर झालं होतं.

तिसऱ्या दिवशी सावडायला हे आले. मुलानं पाणी दिलं, खुर्ची दिली, तक्रारीचा एक शब्द नाही. तोंडावर भांडला असता तर बरं झालं असतं. लक्षवेधी नंतर लागली. उत्तर आलं ते असं की तपासून कार्यवाही करण्यात येईल. मोबदल्याचा पहिला हप्ता आला तो ह्यांची आमदारकी संपल्यावर. फ्लेक्सवर फोटो कुणाचा होता ते तुम्ही बघितलाय.

आता 2019. पक्षाच्या मुलाखती झाल्या. सर्व्हेत पूर्वेकडची गावं नाराज आहेत असं कानावर आलं. वरून विचारणा झाली, तयारी कितपत आहे? तयारी म्हणजे काय ते तुम्हाला समजतं. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या उमेदवारीचा कागद, मिळाला असता की नसता, मी शपथेवर सांगू शकत नाही. हे म्हणतात मिळाला असता. मला वाटतं त्यांना आधीच कळलं होतं, आणि "मीच सोडलं" म्हणणं सोपं गेलं. पण हेही तितकंच खरं की त्या आठवड्यात मी एक वाक्य बोलले होते: "उभं राहायचं तर राहा, पण ह्या वेळी तुमच्या जागी मी कुणाच्या दारात जाणार नाही." मातीला नाही, साखरपुड्याला नाही, हळदीकुंकवालाही नाही. एवढंच बोलले. याला अडवणं म्हणतात का? आमच्या जाऊबाई म्हणतात, म्हणतातच.

आणि माझं मलाच पटत नाही ते हे, की 2014 ला ह्यांना घोड्यावर बसवणारी मीच. हे नको म्हणत होते. मी म्हणाले, "तुम्ही नाही तर कोण? शिकलेल्या माणसानं घरी बसायचं आणि मग चहा पिताना राजकारण्यांना नावं ठेवायची?" ती बाई आज भेटली तर तिच्याशी भांडेन म्हणते. पण भांडून काय सांगणार? तिचं म्हणणं आजही बरोबरच वाटतं. तिला वाटायचं आमदार म्हणजे विधानसभेत बोलणारा माणूस. मतदारांना वाटतं आमदार म्हणजे वेळेला दारात उभा राहणारा. मी त्या अंगणात बसलेली नसते तर मतदारांना हसले असते. तात्यांच्या मुलाला त्या दिवशी लक्षवेधीचं काय करायचं होतं? त्याला खांद्याला माणूस हवा होता. आणि तात्यांना काय हवं होतं ते त्या पिशवीत होतं.

हे म्हणतात, पुन्हा तसंच आलं तर पुन्हा नागपुरातच थांबेन. मी म्हणते, पुन्हा तसंच आलं तरी "निघा" असंच म्हणेन. जेवताना विषय निघाला की आमची भाजी गार होते. 2024 ला पुन्हा दोन-चार जण घरी आले, साहेब, ह्या वेळी वातावरण आहे म्हणून. हे माझ्याकडे बघत होते. मी चहा करायला आत गेले. बाहेर काय ठरलं ते मला नंतर कळलं. काही ठरलंच नव्हतं, मंडळी चहा पिऊन गेली. तेव्हा ह्यांना अडवलं की नाही, हे मला विचारू नका. ह्यांना विचारा. सकाळी घरीच असतात, अजूनही डीपीचे फोन घेतात.